टीआय-८४ प्लसची मेमरी: काय कुठे साठतं, काय कधी पुसलं जातं

नागपुरात ग्राफिंग कॅल्क्युलेटर फारसे दिसत नाहीत. जेईईला कॅल्क्युलेटर चालतच नाही, गेटला पडद्यावरचाच वापरावा लागतो, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचं साध्या सायंटिफिकवर भागतं. ज्यांच्याकडे टीआय-८४ प्लस (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर) असतो ते बहुधा आयबी, एपी किंवा एसएटी या परदेशी अभ्यासक्रम-परीक्षांच्या वाटेवरचे विद्यार्थी. बरेचदा तो अमेरिकेतल्या एखाद्या दादाने किंवा ताईने वापरून झाल्यावर इकडे दिलेला असतो. सोबत पुस्तिका नसते आणि शेजारीपाजारी विचारावं असं कुणी नसतं. मग मेमरी भरली की मुलं सरळ 'रिसेट' मारतात आणि वर्षभर जमवलेले प्रोग्रॅम आणि याद्या एका एंटरसरशी जातात. खरं तर रिसेट करण्याची वेळ फार क्वचित येते. मेमरीच्या दोन जागा नीट कळल्या की नको ते तेवढंच काढता येतं.

पुढे सगळी बटणं आणि पडद्यावरचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. 'सेकंड +' म्हणजे निळं सेकंड बटण दाबून सोडायचं, मग अधिकचं बटण दाबायचं. दोन्ही एकदम धरायची नाहीत.

दोन जागा: रॅम आणि अर्काइव्ह

रॅम म्हणजे पाटी. चालू काम सगळं तिच्यावर होतं: अक्षरांत साठवलेले आकडे, याद्या, मॅट्रिक्स, वाय१ ते वाय० ही समीकरणं, चालवायचे प्रोग्रॅम. काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या टीआय-८४ प्लसमध्ये वापरायला मिळणारी रॅम फक्त २४ किलोबाइट आहे. अर्काइव्ह ही फ्लॅश मेमरी, तिची जागा ४८० किलोबाइट, सिल्व्हर एडिशनमध्ये १.५ मेगाबाइट. रंगीत पडद्याच्या सीई मॉडेलमध्ये रॅम १५४ किलोबाइट आणि अर्काइव्ह ३ मेगाबाइट आहे. आपल्या हातात नेमकं काय आहे ते पाहायला सेकंड +, मग १ (अबाउट) दाबा. मॉडेल आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती दिसते.

रॅमला सतत वीज लागते. वीज तुटली, कॅल्क्युलेटर गोठला किंवा रिसेट झाला की पाटी कोरी. अर्काइव्हमधलं मात्र बॅटऱ्या काढून कपाटात टाकला तरी टिकतं. म्हणून एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: जे पुन्हा टाइप करायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागतील ते अर्काइव्हमध्ये गेलंच पाहिजे.

अक्षरांत आकडा साठवताना

पद्धत सोपी आहे. गुरुत्वत्वरण जी या अक्षरात ठेवायचं असेल तर ९.८१ टाइप करा, एसटीओ दाबा (पडद्यावर → उमटतो), मग अल्फा, जी, एंटर. पुढे कुठल्याही गणितात अल्फा-जी लिहिलं की ९.८१ वापरलं जातं. ए ते झेड आणि थीटा मिळून अशी २७ अक्षरं आहेत. दोन अक्षरं शेजारी लिहिली की त्यांचा गुणाकार होतो. अक्षरात काय आहे ते पाहायचं तर ते अक्षर लिहून एंटर. चालू ओळीत आकडाच उतरवायचा असेल तर सेकंड एसटीओ (आरसीएल), अक्षर, एंटर.

इथे तीन जागी पाय घसरतो आणि तिन्ही ठिकाणी पडद्यावर काही चूक दिसत नाही, म्हणून त्या जपून वाचा.

एक. ज्या अक्षरात काहीच साठवलेलं नाही त्याची किंमत कॅल्क्युलेटर शून्य धरतो, तक्रार करत नाही. मेमरी साफ केल्यावर जुन्या सवयीने जी वापरलात तर उत्तर चुपचाप चुकीचं येईल. नशीब चांगलं असेल तर अक्षर भागाकाराच्या खाली असेल आणि 'एरर: डिव्हाइड बाय झीरो' तरी येईल.

दोन. दहाचा घात लिहायचं ई आणि अल्फा-ई हे दोन वेगळे ई आहेत. इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात लिहिताना सेकंड स्वल्पविराम (ईई) दाबायचं आणि घाताचं ऋण चिन्ह खालच्या ओळीतल्या कंसातल्या उण्याच्या बटणाने द्यायचं. त्याऐवजी अल्फा-ई आणि वजाबाकीचं बटण वापरलं तर तो १.६ गुणिले ई, वजा १९ असं वाचतो. ई मध्ये काही नसेल तर उत्तर येतं −१९. अशी उणे एकोणीस, उणे चौतीस असली विचित्र उत्तरं दिसली की सूत्र तपासत बसू नका, आधी ई पाहा.

तीन, आणि सर्वांत जास्त घोळ घालणारी गोष्ट: एक्स, वाय, आर, टी आणि थीटा ही अक्षरं तुमची एकट्याची नाहीत. आलेख काढताना कॅल्क्युलेटर स्वतः ती वापरतो. खात्री करून घ्यायची असेल तर हे करून पाहा. झूम ६ ने प्रमाणित चौकट घ्या. १२.५ → एक्स साठवा. वाय१ मध्ये एक्स वर्ग लिहा, ग्राफ दाबा, ट्रेस दाबा आणि उजवा बाण नऊ वेळा दाबा. आता सेकंड मोडने (क्विट) मुख्य पडद्यावर येऊन एक्स, एंटर करा. १२.५ गेले, तिथे १.९१४८९३६१७ आहे. काळ्या-पांढऱ्या मॉडेलच्या पडद्यावर ९५ उभ्या ओळी आहेत, म्हणजे त्यांच्यात ९४ टप्पे, आणि −१० ते १० मधलं अंतर त्यात वाटलं की एक टप्पा २० भागिले ९४ इतका. ट्रेस शून्यापासून निघून नऊ टप्पे पुढे गेला आणि जिथे थांबला तो आकडा एक्समध्ये लिहून मोकळा झाला. वायमध्ये त्याचा वर्ग बसलेला असतो.

ध्रुवीय निर्देशकांची पोलरजीसी मांडणी चालू असेल तर आर आणि थीटा हीदेखील अशीच बदलतात. रसायनशास्त्राची मुलं वायुस्थिरांक ८.३१४ हटकून आर मध्येच ठेवतात, कारण पुस्तकात तो आर आहे. तो क्यू मध्ये ठेवा. ए, बी, सी हीसुद्धा स्थिरांकांसाठी चांगली जागा नव्हे. वर्गसमीकरण सोडवणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम याच तिघांत किमती मागून घेतो आणि आधीचं पुसतो. जी, एच, के, पी, क्यू ही अक्षरं स्थिरांकांसाठी राखून ठेवलीत तर वर्षभर त्रास होणार नाही.

याद्या

एल१ ते एल६ या सहा याद्या तयार मिळतात. शिवाय पाच अक्षरांपर्यंतच्या नावाच्या आपल्या याद्या करता येतात. समजा प्रकल्पासाठी नागपूरच्या मे महिन्यातलं रोजचं कमाल तापमान एल१ मध्ये भरलं आहे, ३१ आकडे. एल१ मध्येच ठेवलंत तर पुढच्या गृहपाठात त्यावर दुसरं काही येईल. म्हणून मुख्य पडद्यावर सेकंड १ (एल१), एसटीओ, मग अल्फाने एम-ए-वाय आणि एंटर. यादी त्या नावाने जपली गेली.

ती परत वापरताना मात्र नाव हाताने टाइप करू नका. नुसतं एम-ए-वाय लिहिलं तर कॅल्क्युलेटर ते एम गुणिले ए गुणिले वाय असं वाचतो आणि बहुधा शून्य देतो. सेकंड स्टॅट (लिस्ट) मधल्या नेम्स या रकान्यातून नाव निवडा. तिथून निवडलं की नावाच्या आधी बारीक एल उमटतो आणि ती यादी आहे हे त्याला कळतं.

यादी रिकामी करणं आणि यादी काढून टाकणं यांतही गल्लत होते. स्टॅट, १ (एडिट) मध्ये जाऊन वरच्या बाणाने यादीच्या नावावर जा. तिथे क्लिअर आणि एंटर दाबलं तर आतले आकडे जातात, यादी राहते. डेल दाबलं तर उलट: यादी संपादकातून दिसेनाशी होते, पण मेमरीत आकड्यांसकट शाबूत असते. 'माझी एल३ गायब झाली' याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. स्टॅट, ५ (सेटअप एडिटर), एंटर केलं की सहाही याद्या जागेवर येतात.

यादी रिकामी केल्यावर आलेख काढायला गेलात आणि 'एरर: इन्व्हॅलिड डिम' आलं तर समीकरणात चूक शोधू नका. जुना स्टॅट प्लॉट चालू राहिला आहे आणि त्याला रिकाम्या यादीतून बिंदू हवे आहेत. सेकंड वाय= (स्टॅट प्लॉट), ४ (प्लॉट्स ऑफ), एंटर.

मेमरी भरली तर

'एरर: मेमरी' दिसलं की घाबरून रिसेटकडे जाऊ नका. आधी ० टाइप करून एंटर करा. शेवटचं उत्तर अ‍ॅन्समध्ये राहतं, आणि ते उत्तर मोठी यादी किंवा मॅट्रिक्स असेल तर तिची पूर्ण प्रत रॅम अडवून बसलेली असते. शून्य दिलं की ती जागा सुटते. एवढ्यावर कितीदा तरी काम भागतं.

मग सेकंड +, २ (मेम मॅनेजमेंट/डेल). वरच्या दोन ओळींत रॅम आणि अर्काइव्ह किती मोकळी आहे ते बाइटमध्ये दिसतं. खाली प्रकार आहेत: ऑल, रिअल, कॉम्प्लेक्स, लिस्ट, मॅट्रिक्स, वाय-व्हार्स, प्रोग्रॅम, पिक आणि पुढे इतर. जागा कोण खातंय याचा अंदाज आधीच असेल तर शोध पटकन लागतो. एका अक्षरातला आकडा १५ बाइट घेतो, म्हणून अक्षरं पुसत बसण्यात अर्थ नाही. सत्तावीसच्या सत्तावीस काढली तरी ४०५ बाइट सुटतात. यादीला प्रत्येक आकड्यामागे ९ बाइट आणि वर १२ लागतात. ३१ तापमानांची यादी तीनशे बाइटच्या आसपास येते, पण ९९९ आकड्यांची पूर्ण भरलेली यादी ९,००३ बाइट खाते. अशा दोन मावतात, तिसरीला रॅम संपते. २० बाय २० चं मॅट्रिक्स ३,६०० बाइटच्या वर जातं. साठवलेलं एक चित्र काळ्या-पांढऱ्या मॉडेलमध्ये ७६७ बाइटचं असतं.

तेव्हा आधी लिस्ट, मग मॅट्रिक्स, मग प्रोग्रॅम उघडा. नावासमोर बाइट दिसतात. बाणाने नावावर जा आणि नको असेल तर डेल दाबा. इथे सावध राहा: प्रोग्रॅम आणि अ‍ॅप काढताना कॅल्क्युलेटर खात्री विचारतो, पण आकडे, याद्या, मॅट्रिक्स काढताना विचारत नाही. डेल दाबलं की गेलं. एकेक नाव वाचून दाबा, सलग दाबत जाऊ नका.

याच मेम मेनूतला ३ (क्लिअर एंट्रीज) फक्त जुन्या लिहिलेल्या ओळी विसरतो, जागा नगण्य सुटते. ४ (क्लिअर ऑल लिस्ट्स) मात्र सगळ्या याद्या रिकाम्या करतो, नाव दिलेल्या याद्यासुद्धा. चुकून ४ दाबलंत तरी लगेच काही होत नाही. आज्ञा नुसती मुख्य पडद्यावर येऊन थांबते. एंटर न दाबता क्लिअर दाबा.

अर्काइव्हमध्ये ठेवणं

मेम मॅनेजमेंटच्या त्याच यादीत नावावर जाऊन एंटर दाबलं की डाव्या बाजूला तारा उमटतो: वस्तू अर्काइव्हमध्ये गेली. परत एंटर दाबलं की तारा जातो आणि ती रॅममध्ये येते. तारा असलेली यादी वापरायला किंवा प्रोग्रॅम चालवायला गेलात तर 'एरर: अर्काइव्ह्ड' येतं. बिघडलं काही नाही, आधी बाहेर काढा, काम झालं की परत ठेवा. एक्स, वाय, आर, टी, थीटा अर्काइव्ह होत नाहीत. ती कॅल्क्युलेटरच्या कामाची आहेत हे वर पाहिलंच.

हे आत-बाहेर कटकटीचं वाटत असेल तर ग्रुप करा. आमच्या मते मेमरी मेनूतली सर्वांत उपयोगी सोय हीच आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. सेकंड +, ८ (ग्रुप), १ (क्रिएट न्यू), नाव द्या, एंटर. ऑल- निवडा, म्हणजे काहीच आधीपासून निवडलेलं नसतं. हव्या त्या नावांवर एंटर दाबून खूण करा, उजव्या बाणाने डनवर जा आणि एंटर. निवडलेल्या सगळ्यांची प्रत अर्काइव्हमध्ये एका गठ्ठ्यात जाते, मूळ रॅममध्ये वापरायला तसंच राहतं. रॅम पुसली गेली तर त्याच मेनूतून अनग्रुप केलं की सगळं परत. त्या नावाचं काही आधीच असेल तर 'डुप्लिकेट नेम' विचारतो: नवं नाव द्यायचं, वर लिहायचं की सोडून द्यायचं. नक्की आठवत नसेल तर नवं नाव द्या.

कधीतरी अर्काइव्ह करताना 'गार्बेज कलेक्ट?' असा प्रश्न येतो. फ्लॅश मेमरीत एखादी छोटी गोष्ट एकटी पुसता येत नाही, ६४ किलोबाइटचा अख्खा खण एकदम पुसावा लागतो. म्हणून काढलेल्या वस्तू आत तशाच पडून राहतात, फक्त 'काढलेली' अशी खूण होते. खण असे भरत गेले की कामाच्या वस्तू एका बाजूला हलवून खण पुसावे लागतात. उत्तर २ (येस) द्या. नो म्हटलं तर 'एरर: अर्काइव्ह फुल' येऊन काम अडतं. चालू असताना पडद्यावर डीफ्रॅगमेंटिंग दिसतं, बराच वेळही लागू शकतो. तेवढ्यात बॅटरी काढू नका. परीक्षेच्या सभागृहात हा प्रश्न समोर नको असेल तर आदल्या दिवशी सेकंड ० (कॅटलॉग) मधून गार्बेज कलेक्ट निवडून हे उरकून घ्या, आणि ते ताज्या बॅटरीवर करा.

रिसेट, लागलंच तर

सेकंड +, ७. वर तीन रकाने: रॅम, अर्काइव्ह, ऑल. रॅममधला २ (डीफॉल्ट्स) फक्त मांडण्या मूळ जागी आणतो, साठवलेलं काही पुसत नाही. आलेख विचित्र दिसतोय, कोन चुकताहेत, अशा वेळी एवढाच पुरेसा असतो. १ (ऑल रॅम) पाटी कोरी करतो, अर्काइव्ह राखतो. ऑलच्या रकान्यात जाऊ नका. तिथे अर्काइव्हही जातं.

रिसेटनंतर दोन गोष्टी मुलांना चकवतात. कोन रेडियनमध्ये येतो, म्हणून मोडमध्ये जाऊन डिग्री करा. आणि रिग्रेशन काढल्यावर आर आणि आर वर्ग दिसेनासे होतात. कॅटलॉगमधून डायग्नोस्टिक ऑन निवडून दोनदा एंटर केलं की परत दिसतात. पडदा कोरा दिसला तर सेकंड दाबून वरचा बाण धरून ठेवा, अक्षरं गडद होत जातील.

बॅटरी आणि आपला उन्हाळा

काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसमध्ये चार ट्रिपल ए सेल आणि एका छोट्या स्क्रूच्या झाकणाखाली एक बटण सेल असतो. ट्रिपल ए बदलताना तोच रॅम जिवंत ठेवतो. दोन्ही एकदम काढू नका. आधी कॅल्क्युलेटर बंद करा, चारही सेल एकदम नवे घाला, जुने-नवे मिसळू नका. बटण सेल तीन-चार वर्षांनी बदलायचा असतो. वापरलेला कॅल्क्युलेटर मिळाला असेल तर तो बदलायचा राहिलाच असेल असं धरून चाला. बर्डीवर घड्याळाच्या दुकानात '३०३' किंवा 'एसआर ४४ एसडब्ल्यू' असं सांगून मागा. नुसतं 'चव्वेचाळीस नंबर' म्हटलं की एलआर ४४ हातात पडतो. आकार तोच, पण तो अल्कलाइन आहे आणि यासाठी हवा तो सिल्व्हर ऑक्साइड. सीई मॉडेलमध्ये चार्ज होणारी बॅटरी असते, बटण सेल नसतो. तिला पूर्ण उतरू देऊ नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी स्कूटीच्या डिकीत किंवा काचा लावलेल्या गाडीत कॅल्क्युलेटर ठेवणं म्हणजे तो भाजणं. तापलेला पडदा काळपट होतो आणि बिघडला असं वाटतं. सावलीत थंड होऊ द्या, बहुधा पूर्ववत होतो; लगेच कॉन्ट्रास्ट बदलू नका, नाहीतर थंड झाल्यावर पडदा कोरा दिसेल. उष्णतेत सेल गळतात, हे मात्र पूर्ववत होत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर वापरणार नसाल तर ग्रुप करून घ्या आणि ट्रिपल ए काढून ठेवा.

संगणकावर प्रत

कंपनीचं टीआय कनेक्ट सीई हे सॉफ्टवेअर मोफत आहे. टीआय-८४ प्लसला मिनी यूएसबी केबल लागते, मोबाइलची मायक्रो बसत नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल घरात असेल तर ती चालते. कॅल्क्युलेटर दिसलाच नाही तर केबल फक्त चार्जिंगची असण्याची शक्यता मोठी, दुसरी लावून पाहा. जुना कॅल्क्युलेटर हाती आला की काहीही पुसण्याआधी एकदा सगळं संगणकावर उतरवा. आधीच्या मालकाचा एखादा चांगला प्रोग्रॅम त्यात निघतो.

परीक्षेआधीही हेच करा. काही परीक्षांना कॅल्क्युलेटर प्रेस-टू-टेस्ट या अवस्थेत न्यावा लागतो: बंद असताना डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकदम धरायचे. त्यात प्रोग्रॅम आणि अ‍ॅप बंद होतात, आणि बाहेर यायला केबलने दुसरा कॅल्क्युलेटर किंवा संगणक जोडावा लागतो. परीक्षेच्या दिवशी दप्तरात केबल असू द्या, म्हणजे दुसऱ्या पेपरला प्रोग्रॅम लागणार असतील तर मधल्या सुटीत ते परत चालू करता येतील.